21 कॅप्सूलसाठी तीन खेपा: आरोग्यमंत्र्यांना एका निवृत्त कंडक्टरचं खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीत 31 वर्षं वाहक होतो. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. जमेल असं दिसत नाही.

मंगळवारी आमच्या मंडळींना घेऊन जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. ही तिसरी खेप. पहाटे साडेपाचची गाडी, 94 किलोमीटर, सीटवर उशी, कारण स्तनाचा कॅन्सर आता खुब्याच्या हाडात उतरलाय. (रस्त्याबद्दल वेगळं पत्र लिहीन, वेगळ्या मंत्र्यांना.) औषधाच्या खिडकीवर दोन तास रांग. आतल्या पोराने केसपेपर पाहिला आणि लेट्रोझोलचं पाकीट पुढे सरकवलं. दुसरं औषध, पाल्बोसिक्लिब? "पाल्बो नाही. इंडेंट गेलंय." इंडेंट म्हणजे वर पाठवलेली मागणी. तीन आठवड्यांपूर्वीही गेलंच होतं. मी विचारलं, गेलंय ते नेमकं गेलंय कुठे? तो कसनुसं हसला. त्याच्यावर राग नाही. कंत्राटी आहे, दोन महिने पगार नाही, हे मागच्या खेपेला त्यानेच सांगितलं होतं. मग केसपेपरवर "बाहेरून आणणे" असं उमटवून दिलं. लिहून नव्हे, शिक्का मारून. म्हणजे हे इतक्यांदा लिहावं लागतं की कोणीतरी रबरी शिक्का बनवून घेतलाय. शिक्क्याचं इंडेंट बरं वेळेवर मंजूर झालं!

त्याच मजल्यावर एक बंद दार आहे, वर नवी कोरी पाटी: केमोथेरपी डे केअर. 1 फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सांगितलं होतं की तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सर डे केअर सेंटर होणार, त्यातली 200 तर 2025-26 मध्येच. ते भाषण आम्ही टीव्हीवर पाहिलं. ही म्हणाली, बघा, सुटली आपली परळच्या टाटा हॉस्पिटलची वारी. दाराला कुलूप आहे. कुलूपही नवं आहे.

तुमच्या खात्यात डॉक्टरांना तोटा नाही, तरी हे औषध काय करतं ते मी सांगतो, कारण खिडकीपलीकडे त्याची ओळख "महागातलं" एवढीच आहे. आमच्या मंडळींनी 24 वर्षं विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवलं. गाव तिला बाई म्हणतं. पेन्शन शून्य. तो विषय शिक्षणमंत्र्यांचा, मान्य. पण तुम्ही सगळे बसता एकाच बैठकीला ना?

तर बाईंनी मला माझ्या भाषेत समजावलं. पेशी म्हणजे एसटी. ती सुटायची, म्हणजे एकीच्या दोन व्हायच्या, तर बेल लागते. बेल देणारी प्रथिनं म्हणजे कायनेज. माणसाच्या शरीरात असे 500 च्या वर कंडक्टर आहेत. एटीपीतून, म्हणजे पेशीतल्या इंधनातून, फॉस्फेटचा तुकडा फाडायचा आणि दुसऱ्या प्रथिनाच्या अंगावर तिकिटासारखा डकवायचा, एवढंच त्यांचं काम. पण तिकीट लागलं की समोरचं प्रथिन कामाला लागतं, किंवा उलट गप्प होतं. विभाजनाच्या फलाटावर ड्युटी असते सीडीके नावाच्या कायनेजची. सायक्लिन नावाचा कंट्रोलर येऊन सही करेपर्यंत सीडीकेला बेल देता येत नाही. शिवाय गाडी उगाच सुटू नये म्हणून आरबी नावाच्या प्रथिनाचा हँडब्रेक. सीडीके 4 आणि सीडीके 6 त्या ब्रेकवर तिकिटं डकवत जातात, ब्रेक सैल होतो, गाडी निघते. धडधाकट शरीरात काम झालं की सायक्लिन मोडीत निघतो आणि बेल थांबते. हिच्या त्या पेशींत थांबतच नाही. डबल बेल, डबल बेल, डबल बेल. गाडी भरलेली नाही, रस्ता मोकळा नाही, तरी एकामागून एक गाड्या सुटतायत. पाल्बोसिक्लिब काय करतं, तर त्या दोन कंडक्टरांचे हात धरून ठेवतं.

हे कोडं सुटायला यीस्ट लागलं आणि सी अर्चिन नावाच्या समुद्रातल्या काटेरी जीवाची अंडी लागली. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना त्याबद्दल 2001 चं नोबेल मिळालं. हे सांगताना ती तासभर स्वतःचा आजार विसरली होती. मी विसरलो नव्हतो.

कॅप्सूल रोज एक, 21 दिवस. मग 7 दिवस सुट्टी, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशीही खाली येतात, त्यांना वर यायला वेळ द्यावा लागतो. पूर्वी कालनिर्णयच्या चौकोनांत ती दुधाचा हिशोब मांडायची, आता कॅप्सूलचा मांडते. सुट्टीचे 7 चौकोन कधीच संपले. त्यापुढे आज 16 चौकोन कोरे आहेत. डॉक्टरांनी बजावलंय की खंड पडू देऊ नका. तुमच्या खात्याने सुट्टी वाढवून दिली, अर्ज न करता! माझ्या अख्ख्या नोकरीत एवढी रजा कोणी मंजूर केली नाही.

बाहेरून आणायचं, तर दोनदा आणलं. पाकिटावर छापील किंमत 9,800, दुकानदाराने दिलं 4,600 ला. उपकार केल्यासारखं. 2019 मध्ये 42 कॅन्सर औषधांवर व्यापारी नफा 30 टक्क्यांत बांधला म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. मग 9,800 ही किंमत छापतात कोणासाठी? मला त्यातलं कळत नाही, मी आयुष्यभर सुट्टे पैसे मोजले. माझी ईपीएसची, म्हणजे पीएफ खात्याकडून येणारी पेन्शन 2,870 रुपये. मुलीपुढे हात पसरायला ही तयार नाही.

मागे एक साहेब म्हणाले, पेटंटमुळे महाग पडतं हो. साहेब, या औषधाचं भारतातलं पेटंट जानेवारी 2023 मध्ये संपलं. आपल्याच देशातल्या कंपन्या ते बनवतात. आणि पेटंट होतं तेव्हा तरी काय? सोराफेनिब हे कॅन्सरचं औषध, तेही कायनेजलाच आवर घालणारं, महिन्याला 2 लाख 80 हजारांचं होतं. 2012 मध्ये सरकारने सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला ते बनवू दिलं, आणि ते 8,880 वर आलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिब या रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधाच्या नव्या रूपाला पेटंट नाकारलं. म्हणजे मनात आणलं तर या देशाला जमतं. सक्तीचा परवाना मात्र तेव्हापासून दुसऱ्यांदा कोणत्याच औषधाला दिला गेला नाही. देशात वर्षाला 14 लाखांच्या वर नवे रुग्ण म्हणतात. आकडा जुना असेल, आता वाढला असेल.

मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याबद्दल मनापासून आभार. औषध नसलेल्या दवाखान्यापर्यंत आता निम्म्या पैशात पोचता येतं.

एक सांगतो आणि थांबतो. चेकिंगला माझ्या गाडीत एक प्रवासी विनातिकीट सापडला, तर केस माझ्यावर व्हायची. ट्रे मोजायचे, बॅग उलटी करायचे, खिसे बघायचे. दोन रुपये जास्त निघाले तरी जबाब लिहून द्यावा लागायचा. 1998 मध्ये एका म्हाताऱ्याच्या तिकिटावरून माझी वेतनवाढ रोखली गेली. इथे महिनाभर 21 कॅप्सूल खिडकीवर पोचत नाहीत, तर केस कोणावर? खिडकीतल्या पोरावर? फार्मासिस्टवर? का त्या शिक्क्यावर? इंडेंटवर सही कोणाची, तारीख कोणती, ते कोणाच्या टेबलावर पडून आहे, एवढं एका कागदावर लिहून खिडकीला डकवा. आणि त्या दाराची किल्ली कोणाकडे आहे तेही. दुसरं काही मागत नाही.

सोमवारी पुन्हा साडेपाचच्या गाडीने येतोय.

आपला,
एक निवृत्त वाहक

ता. क. बाईंनी पत्र तपासलं. शुद्धलेखनाच्या सात चुका दुरुस्त केल्या आणि एक वाक्य खोडलं. ते समक्ष भेटलात तर सांगेन.