उजव्या बूम जॅकचा रॉड कमी मापाचा करून दिल्याबद्दल तक्रार

दि. 12 फेब्रुवारी

प्रति,
व्यवस्थापक,
हायड्रॉलिक जॅक दुरुस्ती विभाग

विषय: जुन्या एक्स्कॅव्हेटरच्या बूम जॅकचं सदोष काम, आणि मूळ ग्लँड (रॉड ज्यातून बाहेर येतो ते जॅकच्या तोंडाचं झाकण) परत न मिळणं

महोदय,

स.न.वि.वि.

आमच्या जुन्या एक्स्कॅव्हेटरचे दोन्ही बूम जॅक (मशीनचा मोठा हात उचलणारे हायड्रॉलिक सिलिंडर) आपल्याकडे दुरुस्तीला दिले होते. जॉब कार्डवर लिहून घेतलेलं काम असं: दोन्ही रॉडना नवीन हार्ड क्रोम (क्रोमचा कडक मुलामा), बॅरलचं म्हणजे जॅकच्या नळीचं होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं), नवीन सील किट, प्रेशर टेस्ट आणि काढलेले सगळे जुने भाग परत. बिल पूर्ण चुकतं केलं आहे. डाव्या जॅकचं काम चोख झालं, रॉड 79.95 मिमी भरतो आणि सील कोरडं आहे, हे आधीच सांगतो. तक्रार उजव्या जॅकची आहे.

रॉडचं मूळ माप 80 मिमी, एफ7 टॉलरन्समध्ये (मापात चालणारी ठराविक सूट). म्हणजे तो 79.940 ते 79.970 मिमीच्या मध्ये हवा. उजवा रॉड मायक्रोमीटरने पाच ठिकाणी मोजला. डोळ्याजवळ (रॉडच्या टोकाला पिन बसते त्या भोकाजवळ) 79.58, मधे 79.57, पिस्टनच्या बाजूला 79.56. जवळजवळ 0.4 मिमी कमी! क्रोमची जाडी चुंबकीय गेजवर 18 ते 25 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) आली, पिस्टनकडच्या टोकाला फक्त 12.

हे कसं झालं ते आकड्यांवरूनच दिसतं. या रॉडवर गंजाचे खड्डे होते, सगळ्यात खोल 0.2 मिमीचा. ते पूर्ण घालवायला ग्राइंडिंगमध्ये व्यासातून 0.4 मिमी जाणारच, त्याला आमची हरकत नाही. पण जेवढं काढलं तेवढं क्रोमने भरून यायला हवं होतं: प्रत्येक बाजूला 0.2 मिमी, शिवाय फिनिश ग्राइंडिंगसाठी थोडं जास्त. हार्ड क्रोम साधारण तासाला 15 ते 25 मायक्रॉन चढतं. म्हणजे या रॉडला टाकीत दहा-बारा तास किंवा त्याहून जास्त लागले असते. आपण तासा-दीड तासात जेवढं चढतं तेवढं चढवलं आणि रॉड बाहेर काढला. चकाकी आली, माप आलं नाही.

या जॅकने तासाभरात ट्रेमध्ये 180 मिली ऑइल गाळलं. रॉडवर नुसता तेलकट हात फिरल्यासारखा थर राहिला तर चालतं, थेंब पडता कामा नये. ग्लँड खोलल्यावर यू-सीलच्या मागे, खाचेच्या तळाशी, गोल गुंडाळलेली पातळ प्लास्टिकची पट्टी निघाली. सील 80 मिमीचं, रॉड 79.57 चा. तो ढिलेपणा झाकायला पट्टी घालून सील आत ढकललं होतं. म्हणजे माप कमी पडल्याचं असेंब्लीच्या टेबलावर कळलेलं होतं. आम्हाला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. आम्हाला एक फोन आला असता तर जॅक तिथेच थांबवला असता.

पट्टीने काय होतं तेही लिहितो. यू-सीलची ओठं दाबाच्या बाजूला उघडी असतात. ऑइलचा दाब आत शिरला की ती फाकतात आणि रॉडला घट्ट धरतात. मागून पट्टी दाटली की ओठांना फाकायला जागा उरत नाही, सील कायम चिमटलेलं राहतं आणि रॉडवर कोरडं घासतं. त्यात रॉड आणि ग्लँडमध्ये 0.45 मिमी फट असल्याने बूमच्या वजनाने रॉड एका बाजूला टेकतो, म्हणून सील तिथे चेंगरतं आणि समोरच्या बाजूला उघडं पडतं. आमच्या सीलचा खालचा ओठ तासाभरात खरवडला होता. वायपरच्या (रॉडवरची धूळ पुसणाऱ्या बाहेरच्या सीलच्या) कडेला काळ्या ऑइलमध्ये मिसळलेला पिवळसर, बारीक कीस चिकटला होता. रॉडवर खालच्या बाजूने ग्लँडच्या तोंडाशी उभे ओरखडेही उठले आहेत. क्रोम इतकं पातळ असलं की त्यातल्या बारीक भेगा थेट लोखंडापर्यंत जातात. कोकणच्या दमट हवेत तिथून गंजाचे लाल ठिपके यायला एक पावसाळा पुरतो.

आणखी एक गोष्ट. दोन्ही जॅकच्या पोर्टमध्ये (ऑइल आत-बाहेर जायच्या तोंडांत) टोप्यांऐवजी कापसाचं वेस्ट कोंबलेलं होतं. त्याचे धागे चिमट्याने काढावे लागले. असा एक धागा रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा दाब सोडणाऱ्या झडपेच्या) सीटवर अडकला की दाब बसत नाही, आणि मग बिचारा मालक पंप खराब झाला समजून पंप खोलतो. पुढच्या वेळी प्लास्टिक प्लग लावा, दोन रुपयांचं काम आहे.

मूळ ग्लँड हा वेगळा विषय आहे. त्याचं गनमेटल बुश (रॉडला आधार देणारं तांब्याच्या मिश्रधातूचं कडं) चांगलं होतं, त्याच्या अंगावर मूळ कारखान्याचा ओतीव नंबर होता. जॅक परत आला तो नव्या कास्ट आयर्नच्या ग्लँडसह. जुन्या ग्लँडबद्दल विचारल्यावर ‘भंगारात गेलं असेल’ असं तोंडी उत्तर मिळालं. ज्या फ्रेंच कंपनीच्या नावावरून आपण आजही प्रत्येक एक्स्कॅव्हेटरला पोकलेन म्हणतो, ती आता एक्स्कॅव्हेटर बनवत नाही. इतर जुन्या मशिनांचीही तीच गत आहे. असे भाग दुकानात मिळत नाहीत, जुन्या मशिनांवरूनच शोधून काढावे लागतात. कामाच्या मशीनला नवा ग्लँड चालतो. जुनी मशीन मूळ रूपात आणायची असेल तर तो ग्लँड गेला म्हणजे मशीनचा एक तुकडाच गेला. जॉब कार्डवर ‘जुने भाग परत’ हे लाल शाईत लिहिलं होतं.

आमच्या मागण्या अशा. उजव्या रॉडचं क्रोम उतरवून आधी डाय पेनिट्रंटने (भेगांत शिरून त्या दाखवणाऱ्या रंगाने) तडे तपासावेत. नंतर क्रोम भरून अंतिम माप 79.940 ते 79.970 मिमीमध्ये आणावं. एवढं जाड क्रोम टोकांना जास्त चढतं, त्यामुळे फिनिश ग्राइंडिंगशिवाय रॉड घेणार नाही. हे जमत नसेल तर दुसरा मार्गही आम्हाला मान्य आहे, किंबहुना आम्हाला तोच जास्त पटतो: 80 मिमीची तयार क्रोम केलेली बार बाजारात मिळते, तिला मूळ रॉडचा डोळा कापून वेल्ड करावा. वेल्डिंगआधी दोन्ही भाग तापवून घ्यावेत, सावकाश थंड होऊ द्यावेत, आणि व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने रॉडची वाकडाई मोजून द्यावी. जुन्या डोळ्याला धक्का लागता कामा नये.

सील किट नवीन, खाचेत काहीही न घालता. कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर 5 मिनिटांची टेस्ट आमच्यासमोर करावी: रॉड पूर्ण आत घेऊन, बॅरलच्या तळाकडचं पोर्ट उघडं ठेवून, रॉडकडच्या पोर्टमधून दाब द्यावा. उघड्या पोर्टमधून ऑइल आलं तर पिस्टनचं सील गळतंय, ग्लँडमधून आलं तर रॉडचं. याआधीच्या टेस्टचा कागद आम्हाला मिळालेला नाही. नव्या कामाचा मापांसकट हवा. जाण्या-येण्याचा वाहतूक खर्च आणि बदललेल्या ऑइल-फिल्टरचा खर्च आपण द्यावा. बिलं सोबत जोडली आहेत.

जुना ग्लँड भंगारवाल्याकडे अजून असेल तर आधी तो सोडवून आणावा. हे काम उद्याच व्हावं, कारण ओतकाम वितळलं की विषय संपला.

पट्टी घालणाऱ्या फिटरला दोष देऊ नये. त्याच्या हातात रॉड आला तेव्हा चूक होऊन गेली होती. ग्राइंडिंगनंतर आणि क्रोमनंतर, दोन्ही वेळा माप कागदावर का लिहिलं गेलं नाही, याचं उत्तर आपल्याकडून हवं आहे.

ही मशीन धंद्यावर चालत नाही, छंद म्हणून दुरुस्त होते आहे. त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे आम्ही ग्राहक आहोत. 21 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल. तशी वेळ येऊ नये, कारण डाव्या रॉडवरून दिसतं की आपल्या टाकीवर हे काम नीट होतं.

मापांचा तक्ता, उघडलेल्या ग्लँडचे फोटो आणि जॉब कार्डची प्रत सोबत आहे. ती पट्टी आणि खरवडलेलं सील पाकिटात जपून ठेवलं आहे, आपला माणूस जॅक न्यायला येईल तेव्हा दाखवू.

कळावे,

आपले ग्राहक
(सही)