चाचण्यांचे गुण : सर्वात कमी गुण वगळण्याबाबत

सर्व शिक्षक सभासदांना नमस्कार. चतुर्थीच्या सुट्टीआधी मूडलवरची (आपल्या ऑनलाइन अध्यापन प्रणालीवरची) गुणवही तपासून घ्यावी.

पावसात वाळपई, सत्तरीकडे वीज गेली की मुलांची एखादी चाचणी बुडतेच, म्हणून पाचांपैकी सर्वात कमी गुणांची एक वगळायची. ८, ६, ९, ०, ७ असे गुण असतील, तर ५० पैकी ३० ऐवजी ४० पैकी ३० धरले जातात, म्हणजे टक्केवारी ६० वरून ७५ वर जाते.

घोळ होतो तो इथे. चाचण्या आधी एका वेगळ्या गटात ठेवा, सगळ्यांचे कमाल गुण सारखेच हवेत. एक १० ची, दुसरी २५ ची असली की हिशेब भलतीकडे जातो. शिवाय ‘रिकामे गुण धरू नयेत’ हा पर्याय चालू असेल, तर न दिलेली चाचणी आपोआप सुटते आणि त्याखेरीज दिलेल्या चाचण्यांतलीही एक गळते. गैरहजराला दुप्पट सवलत! तो पर्याय बंद करा किंवा शून्य भरा.

‘सर्वाधिक ठेवा’ (जास्त गुणांच्या ठरावीक चाचण्याच धरणे) आणि ‘कमी वगळा’ या दोन पर्यायांपैकी एकच वापरा. बदल मुलांना आधी कळवा. टक्के अचानक हलले की पालकांचे फोन आपल्यालाच येतात.