अपघाताच्या बातमीत हेल्मेटचा उल्लेख हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला, मुले नव्या क्लासला जाऊ लागली, की आपल्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली: ‘दुचाकी घसरून विद्यार्थ्याचा मृत्यू, कुटुंबावर काळाचा घाला’. गावाचे नाव तेवढे बदलते. ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून मी अशा मुलांची शवविच्छेदने केली आहेत, त्यामुळे त्या ‘काळा’शी माझे जुने भांडण आहे.

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा टेबलावर असतो आणि मानेखाली अनेकदा खरचटण्यापलीकडे काही नसते. छाती-पोट शाबूत. सगळा मार डोक्याला आणि तोंडाला. ओळख पटवायला आलेल्या वडिलांना आम्ही आधी मनगटावरचा धागा दाखवायचो, मग जमलेच तर चेहरा. अहवालात मृत्यूचे कारण एका ओळीत लिहायचे: ‘डोक्यास गंभीर मार’. त्या डोक्यावर काही होते का, हे त्या ओळीत नसते. आपल्या बातमीतही नसते.

डोक्याचा मार फसवा. कानशिलाजवळचे हाड पातळ असते आणि त्याला आतून लागूनच एक रक्तवाहिनी जाते. ती फाटली तरी मुलगा उठतो, कपडे झटकतो, गाडीला किती लागले ते बघतो. बापाच्या शिव्या नकोत म्हणून घरी काही बोलत नाही, जेवतोसुद्धा. कवटीच्या आत रक्त साचत असते. रात्री तो घोरू लागतो आणि आई म्हणते, दमलाय, झोपू दे. त्याच वेळी सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रिया झाली तर अशी मुले वाचू शकतात. जबडा फुटला तर तऱ्हा निराळी: रक्त आणि तुटलेले दात घशात उतरतात, जीभ मागे पडते, आणि जमलेली माणसे त्याला उताणा ठेवून तोंडात पाणी ओततात. खरे तर मान सांभाळून त्याला कुशीवर वळवायला हवे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले मिळून ५०,०२९. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांच्या आढाव्यात दिसले आहे. अर्थात डोक्यावर, पट्टी लावून. कोपरात अडकवून किंवा आरशाला टांगून नाही. अर्ध्या टोपीत तर हनुवटी उघडीच राहते. दहीहंडीत वर चढणाऱ्या मुलाला हेल्मेट हवे, हे आपण आता मान्य केले; तोच मुलगा सरावाला ट्रिपल सीट येतो, त्याचे काय?

कायद्याने सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते. घरोघरच्या स्कूटर शंभर-सव्वाशे सीसीच्या, म्हणजे क्लासला जाणारी ही पोरे विनापरवानाच. २०१९ च्या दुरुस्तीने अशा वेळी पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड ठेवला आहे. पण कालच मुलाला अग्नी दिलेल्या बापावर गुन्हा कोण नोंदवणार? माझाही हात धजला नसता.

म्हणून विनंती पोलिसांना नाही, आपल्याला आहे. मुलाचे नाव, फोटो नसला तरी चालेल. पण हेल्मेट होते का, पट्टी लावली होती का आणि गाडी कोणाच्या नावावर होती, हे प्रत्येक बातमीत द्या. वार्ताहराने पोलिस ठाण्यात विचारावे. पंचनाम्यात त्याची नोंदच नसेल, तर तेही छापा.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, जि. सातारा