टपालाच्या शिक्क्याची तारीख

स्ट्रासबर्ग, फ्रान्स
रविवार, 19 जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपले रोज बोलणे होते, पण ते औषधे, जेवण आणि पाऊस यांपलीकडे फारसे जात नाही. निघण्याच्या आदल्या रात्री आई, तू मला विचारले होतेस की तीन आठवड्यांच्या अभ्यासासाठी साठवलेली ठेव मोडून एवढ्या लांब जाण्याने नेमके काय हाती लागणार आहे, आणि मी बॅग भरण्याच्या गडबडीत ‘आल्यावर सांगते’ एवढेच म्हणून विषय संपवला. तुझा प्रश्न रास्त होता, म्हणून आज सुट्टी साधून त्याचे उत्तर लिहायला बसले आहे. उत्तरात पुण्याच्या नोकरीचा विषयही येणार आहे, तो शेवटी सांगते.

पदवी मिळणार नाही. मिळेल ते उपस्थितीचे प्रमाणपत्र. रने कासँ या फ्रेंच कायदेपंडितांना 1968 साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच्या रकमेतून त्यांनी पुढच्याच वर्षी येथे मानवी हक्कांच्या अभ्यासाची संस्था उभी केली, तेथेच मी शिकते आहे. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्यांमध्ये ते होते. तेव्हाच्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर आपल्याकडच्या हंसा मेहता होत्या, आणि जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असा जो इंग्रजी शब्द होता, तो त्यांच्या आग्रहामुळे बदलून ‘सर्व माणसे’ असा झाला. वर्गात हे सांगितले गेले तेव्हा मी नकळत ताठ बसले.

येथून ट्रॅमने थोडे पुढे गेले की ‘मानवी हक्क’ याच नावाचा थांबा लागतो आणि नदीकाठी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाची पोलादी, गोल दालनांची इमारत दिसते. युरोप परिषदेच्या 46 सदस्य देशांतील सुमारे 70 कोटी लोकांपैकी कोणीही, आपल्या देशातील सर्व न्यायालये करून झाल्यावर, आपल्याच सरकारविरुद्ध येथे दाद मागू शकतो. परवा आम्हांला मोठ्या पीठाचे सभागृह दाखवले. सतरा न्यायाधीश अर्धवर्तुळात बसतात. पण बाबा, मला त्या सभागृहापेक्षा अर्जाच्या नमुन्यानेच जास्त खिळवून ठेवले, आणि त्याचे कारण तुम्हीच आहात.

माझ्या शेजारी बसणारी जॉर्जियाची वकील तुरुंगातील कैद्यांची प्रकरणे चालवते. तिने तो नमुना माझ्यासमोर ठेवून एकेक रकाना समजावला. शेवटच्या निकालापासून चार महिन्यांच्या आत अर्ज पाठवायचा. 2022 पर्यंत ही मुदत सहा महिन्यांची होती. कागदपत्रांना क्रमांक द्यायचे, पण त्यांना टाचण्या मारायच्या नाहीत, ती शिवायची नाहीत. सही शाईची, मूळ हवी. अर्ज टपालानेच पाठवायचा आणि मुदत मोजताना टपालाच्या शिक्क्यावरची तारीख धरायची. न्यायालयात पाकीट केव्हा पोचले याला महत्त्व नाही, ते केव्हा निघाले याला आहे. अर्ज इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्येच हवा असेही नाही. सदस्य देशांपैकी कोणत्याही देशाच्या अधिकृत भाषेत तो लिहिता येतो. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टात मराठीत चाललेला दावा उच्च न्यायालयात गेला की पक्षकाराला स्वतःच्याच प्रकरणातले अक्षर कळेनासे होते, हे मी दर आठवड्याला पाहते, त्यामुळे या नियमाचे मोल मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तो शिक्क्याचा नियम ऐकला आणि मला रहिमतपूरच्या पोस्टाची खिडकी आठवली. शाळा सुटल्यावर मी तुमच्या टेबलापाशी येऊन बसत असे, आणि संध्याकाळी टपालाची थैली बांधण्याच्या वेळी कोणी ना कोणी धापा टाकत रजिस्टरचे पाकीट घेऊन येत असे. कधी कोर्टाच्या नोटिशीचे उत्तर असे, कधी नोकरीचा अर्ज. उशिरा आलेला एखादा माणूस कालची तारीख टाकून देण्याची गळ घाली, तेव्हा तुम्ही शांतपणे नकार देत होतात. पण थैलीच्या तोंडाला लाख लागेपर्यंत तुम्ही खिडकीही बंद केली नाहीत, आणि एकदा तर बांधलेली थैली एका म्हाताऱ्यासाठी पुन्हा सोडलीत. शिक्का अंधूक उमटला तर त्यावरच दुसरा न मारता शेजारी स्वच्छ उमटवायचा, हे तुम्ही मला शिकवले होतेत. निवृत्तीच्या दिवशी ‘आयुष्यभर शिक्केच मारले’ असे तुम्ही म्हणालात, ते मला तेव्हाही पटले नव्हते. त्या स्वच्छ तारखेच्या आधाराने किती जणांची मुदत वाचली असेल, हे मला येथे येऊन कळले.

या सगळ्या अभ्यासात माझ्या मनात घर करून बसले ते एक जुने प्रकरण आहे. आयर्लंडमधील कॉर्क शहरातल्या जोहाना एअरी या चार मुलांच्या आईला मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून न्यायालयीन विभक्ती हवी होती. तेव्हा त्या देशात घटस्फोट नव्हता, विभक्ती फक्त उच्च न्यायालयात मिळे, आणि वकील परवडत नव्हता. सरकारचे म्हणणे होते की तिला कोणीही अडवलेले नाही, तिने स्वतः उभे राहून बोलावे. यावर न्यायालयाने नोंदवले की 1972 ते 1978 या काळात असे जे 255 अर्ज झाले, त्यांतील प्रत्येक अर्जदारामागे वकील होता. 1979 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, आणि न्यायालयाने म्हटले की हक्क केवळ कागदावर असून भागत नाही, तो प्रत्यक्ष वापरता आला पाहिजे. तिची बाजू मांडणाऱ्या मेरी रॉबिन्सन पुढे आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, आणि त्या निकालानंतर त्या देशात दिवाणी प्रकरणांसाठी सरकारी विधी साहाय्य सुरू झाले.

आई, माण तालुक्यातल्या त्या बाईची गोष्ट तुला मी सांगितली होती. पोटगीच्या दाव्यासाठी तिने दोन शेळ्या विकून वकिलाची फी भरली. आपल्या 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. ती ज्या कार्यालयात पहिल्यांदा गेली तेथे हे तिला कोणीही सांगितले नाही, आणि माझ्यापर्यंत ती दीड वर्षाने पोचली. एअरीचा निकाल वाचताना तिच्या हातातली ती घडी पडून विरलेली पावती माझ्या डोळ्यांसमोर होती. आयर्लंडमध्ये कायदाच नव्हता म्हणून त्या बाईला येथवर यावे लागले. आपल्याकडे कायदा आहे आणि तरीही शेळ्या विकाव्या लागतात, याचे मला जास्त दुःख होते.

येथील न्यायालयाला मर्यादा नाहीत असे समजू नका. निकाल अमलात आणण्यासाठी त्याच्या हाती पोलीस नाहीत, बहुसंख्य अर्ज दाखलच करून घेतले जात नाहीत, आणि युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च 2022 मध्ये रशियाला युरोप परिषदेतून काढल्यावर तेथील सामान्य माणसाचे हे दार त्याच वर्षी सप्टेंबरपासून बंद झाले. पण अमेरिका खंडात आणि आफ्रिकेतही अशी न्यायालये आहेत. आशियात एकही नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1979 मध्ये सामील झाला, मात्र संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे व्यक्तीने तक्रार करण्याची सोय आपण स्वीकारलेली नाही. म्हणजे आपल्या माणसाला जी काही दाद मागायची, ती आपल्याच न्यायालयांत.

त्याबाबत माझ्या गटापुढे बोलण्याची पाळी आली तेव्हा मी शीला बारसे यांच्या पत्राविषयी सांगितले. या पत्रकार बाईंनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले, आणि बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. ते पत्रच याचिका मानले गेले आणि 1983 मध्ये न्यायालयाने स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, तेथे स्त्री पोलिसांचा पहारा, चौकशीच्या वेळी स्त्री पोलिसाची हजेरी, असे आदेश दिले. नमुना नाही, रकाने नाहीत, साधे पत्र, हे ऐकून जॉर्जियाच्या माझ्या मैत्रिणीने मला दोनदा विचारले की खरेच असे होते का.

आई, तुला दाखवावी अशी येथे एक मूर्ती आहे. हा प्रदेश पाऊणशे वर्षांत चार वेळा फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात इकडून तिकडे गेला, त्यामुळे येथील मुले दोन्ही बाजूंनी लढून मेली. चौकातल्या स्मारकात एका आईच्या मांडीवर दोन मरणारे मुलगे आहेत, आणि कोणाच्याही अंगावर गणवेश नाही. खाली फक्त ‘आमच्या मृतांना’ एवढेच लिहिले आहे. देशाचे नाव लिहिता येण्यासारखे नव्हते. मी तेथे बराच वेळ बसले होते.

आता पुण्याच्या कंपनीविषयी. शुक्रवारी मी त्यांना नकार कळवला. तुम्हा दोघांना ती नोकरी हवी होती हे मला ठाऊक आहे, आणि बाबांनी तसे कधी बोलून दाखवले नाही, हेही मला कळते. विधी सेवेच्या पॅनेलवर मानधन थोडे आणि उशिरा मिळते. माझी इतर कामे धरूनही तंगी राहणार. पण तुझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे पैसे मी वेगळे ठेवले आहेत, त्यांना या प्रवासासाठी हात लावलेला नाही, आणि ती दिवाळीआधीच करायची आहे. मागच्या खोलीचे छप्पर मात्र आणखी एक पावसाळा काढील असे करावे लागेल. तुम्हांला विचारून निर्णय घ्यायला हवा होता, याची मला जाणीव आहे. रागावला असाल तर रागवा, पण फोनवर गप्प राहू नका.

27 तारखेला सकाळी मुंबईत उतरेन आणि संध्याकाळपर्यंत घरी पोचेन. बाबांनी गुडघ्याचा पट्टा जिना चढताना तरी लावावा, आणि आई, साखरेची तपासणी पुढे ढकलू नकोस.

येथील टपालपेट्या पिवळ्या असतात. तरी हे पत्र पेटीत न टाकता उद्या खिडकीवर देऊन माझ्यासमोर शिक्का मारून घेणार आहे. बाबा, तारीख नीट उमटली आहे का ते पाहा, आणि किती दिवसांत पोचले ते पाकिटावर लिहून ठेवा.

तुमची लेक