मोटर चालू असेपर्यंत

रामबाग, इंदूर
रविवार, १२ जानेवारी

प्रिय बंड्या,

अडीच वर्षं तुला फोन केला नाही. तुला वाटलं असेल, अजून रागावलाय. राग महिन्याभरात गेला होता. पुढे उरली ती लाज. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात त्या रात्री तू जे बोललास ते जसंच्या तसं खरं ठरत गेलं आणि ते तुला कुठल्या तोंडाने कळवायचं, हे मला समजेना.

ताई घरी आली आहे. कायमची. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, दुपारी, एक सुटकेस आणि एक कापडी पिशवी घेऊन. रिक्षावाल्याचे पैसे द्यायला तिच्याकडे सुटे नव्हते. सुटे काय, नव्हतेच. बाकी काय झालं ते तुला वेगळं लिहायला नको, तू आधीच ओळखलं होतंस.

आईचे गुडघे तसेच आहेत, माझी शुगर आटोक्यात आहे. झालं तब्येतींचं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. हे इथे कोणाला सांगायची सोय नाही. लोक म्हणतील, बहिणीचं एवढं झालं आणि हा सिरियली बघत बसलाय. गेल्या रविवारी रात्री झोप येईना म्हणून मधल्या खोलीत लॅपटॉपवर 'एंजल' लावलं, आपली ती रक्तपिशाच्च नायकाची अमेरिकन मालिका. तू ठाण्याला जाताना दिलेल्या काळ्या हार्ड डिस्कवरून; जेल रोडच्या सीड्या केव्हाच बाद झाल्या. दुसऱ्या सीझनचा विसावा भाग, 'ओव्हर द रेनबो'. हो, तोच, पायलिया नावाच्या दुसऱ्या जगातला. ज्याच्यावरून आपण अख्खी परीक्षेची सुट्टी भांडलो. दोन सूर्य, राजकन्या, गुलाम, सगळं आजीच्या गोष्टीसारखं पोरकट आहे असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, सबंध मालिकेत इतकं खरं काही नाही. ते भांडण अजून माझ्या बाजूने चालू आहे, आणि आता तर माझ्याकडे साक्षीदार आहे.

इयरफोन लावले नव्हते, आवाज अगदी बारीक ठेवला होता. पंधराएक मिनिटांनी पाहतो तर ताई दारात उभी. आली त्या दिवसापासून ती रात्री गच्चीवरच्या खोलीतून खाली उतरलेली नव्हती. मी काही बोललो नाही. थोडं सरकून जागा केली. ती बसली नाही, चौकटीला टेकून राहिली आणि म्हणाली, "हा हिरवा कोण?"

मग मला सगळं सांगावं लागलं. हा लॉर्न, लाल शिंगांचा, लॉस एंजेलिसमध्ये कराओके बार चालवतो, लोक समोर गायला लागले की त्याला त्यांचं आतलं सगळं दिसतं. मूळचा पायलियाचा. तिथून पळून आला, कारण तिथे गाणं नाही. गाण्याला बंदी आहे असंही नाही, गाणं म्हणजे काय हेच कोणाला माहीत नाही. कुठल्याही गल्लीत, कुठल्याही घरात, कधीच सूर नाही. आणि हा असा जन्माला आला की याच्या डोक्यात सूर वाजायचे; ते काय आहे हे त्याला इथे येईपर्यंत कळलं नव्हतं. तुझा जुना विनोदही सांगितला, की गाणं नाही आणि नाव पायलिया! त्यावर ती हसली नाही. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि मग विचारलं,

"मग तिथल्या बायका बाळांना झोपवतात कशा?"

बंड्या, वीस वर्षं आपण या भागांवर वाद घातला. दोन सूर्य असतील तर सावल्या किती पडतील इथपर्यंत गेलो. हा प्रश्न आपल्या मनातसुद्धा आला नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी भाग थांबवला. आणि तिथेच उभ्याउभ्या, माझ्याकडे न बघता, तिने सांगितलं की त्या घरात सकाळी टाकी भरायला मोटर लावायची. मोटर मोरीच्या मागे होती, आवाज मोठा. ती चालू असेपर्यंत ही मोरीत कपडे घासत गुणगुणायची. पंधरा मिनिटं, उन्हाळ्यात पाणी कमी असलं की दहा. मोटर बंद व्हायच्या आत सम गाठायची. एकदा लाइट गेली, मोटर एकदम बंद पडली आणि हिचा आवाज तेवढा उरला. पुढचं तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आता जे लिहितो ते तुलाही ठाऊक नाही. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात तिने मला ऑफिसात फोन केला होता. म्हणाली, "पम्या, इथे गाता येत नाही रे." एवढंच वाक्य. मी घाईत होतो. मी म्हणालो, "अगं, नवीन घर आहे, थोडं सांभाळून घे." मला ते लहान वाटलं. गाता येत नाही म्हणजे रियाजाला वेळ मिळत नसेल. एकोणचाळिसाव्या वर्षी लग्न जमलंय, आईने किती दारं झिजवलीत, आता गाण्याचं काय घेऊन बसलीस, असं सगळं माझ्या त्या एका वाक्यात होतं आणि तिला ते ऐकू गेलं. त्यानंतर तिने कधी तक्रार केली नाही. आणि अडीच वर्षांनी तू सराफ्यात, हातात तळलेल्या गराडू कंदाचा दोना तसाच धरून, म्हणालास, "जा, घेऊन ये तिला. तू जात नसशील तर मी जातो." तेव्हा मी काय म्हणालो ते तू विसरला नसशील. "तुझी बहीण नाहीये ती." तेरा वर्षं तिच्या गाण्याला तबल्याची साथ केलेल्या माणसाला. दोना तिथेच ठेवून तू निघून गेलास. मला माफ कर. हे समोर बोलायला हवं होतं, पण समोर मला जमलं नसतं.

सोमवारी रात्री ती आपण होऊन खाली आली. एकविसावा भाग. लॉर्नची ती दाढीवाली आई येते आणि सांगते की मी रोज सकाळी डोंगरावर जाऊन छाती बडवते आणि असलं कार्टं जन्माला घातलं म्हणून स्वतःच्या कुशीला शिव्या घालते, तिथे ताई हसली. ओढणी तोंडावर धरून, आवाज न करता, पण हसली. त्या नुमफारचा वेडावाकडा नाच आला तेव्हा मी तिला सांगितलं की बंड्याने एका रंगपंचमीला गेरची मिरवणूक राजवाड्यासमोर आली असताना हाच नाच केला होता आणि मागच्या ढोलवाल्यांनी तुला बघून ठेका बदलला होता. "मला माहितीये," ती म्हणाली, "मी वरून बघत होते." हे आपल्याला ठाऊकच नव्हतं!

मग फ्रेड आली. ग्रंथालयात एका पुस्तकातले शब्द मोठ्याने वाचते आणि त्या जगात खेचली जाते ती. माणसांना तिथे गुरं म्हणतात, गळ्यात पट्टा घालतात. ही पळून गुहेत राहिलेली, भिंतीच्या भिंती लिहून भरवलेल्या, स्वतःशीच बोलणारी. ताईने विचारलं, "किती वर्षं?" मी म्हणालो, "पाच." ती म्हणाली, "माझीही पाचच."

आता तुला कळेल मला काय दिसलं. ताई लिहिते, बंड्या. भिंतींवर नाही, जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागे. दिवाळीनंतर एकदा खोली झाडायला गेलो तेव्हा गादीखाली सापडली. मला वाटलं, चिजा असतील. चिजा नव्हत्या. 'पोळी २, वरण १ वाटी, चहा २ (एक अर्धा).' रोजचं. तारखेनिशी. आपल्या घरात, आपल्या आईने वाढलेल्या ताटाचा हिशोब. तिथे द्यावा लागत असणार. इथे कोणी मागत नाही तरी ती ठेवतेय. पानं होती तशी ठेवून दिली. आईला सांगितलं नाही.

म्हणून म्हणतो, तो भाग पोरकट नाही. परत आणलं की माणूस परत आलं असं नसतं, हे त्यांना कळलं होतं. फ्रेडला सोडवून एंजलच्या हॉटेलात राहायला आणल्यावरही ती खोलीतून बाहेर येत नाही, तिथल्याही भिंती लिहून काढते. आणि पुढे तिसऱ्या सीझनमध्ये तिचे आईवडील टेक्सासहून शोधत येतात तेव्हा ती त्यांना बघून पळ काढते. चांगले आहेत बिचारे, तिच्यावर जीव टाकणारे. पण त्यांनी बघितलं की जे घडलं ते खरंच घडलं असं होईल, म्हणून पळते. गेल्या महिन्यात मावशी आली तेव्हा ताई न्हाणीघरात जाऊन बसली. पाऊण तास. मावशी म्हणाली, काय विचित्र झालीये. मला मात्र फ्रेड आठवली आणि एकदम समजलं.

आणि एंजल. रक्तपिशाच्च असून दोन सूर्यांच्या उन्हात उभा राहतो आणि जळत नाही, आरशात स्वतःचे केस बघून हरखतो. तू म्हणायचास, बघ, मजा. पण त्याच जगात त्याच्यातला राक्षस पुरता बाहेर येतो, माणूस जराही उरत नाही. त्याला पाण्यात स्वतःचं रूप दिसतं आणि तो हबकतो. मी तो प्रसंग या वेळी नीट बघू शकलो नाही. ताई शेजारी बसली होती. मला तो फोन ऐकू येत होता.

बरं, तुझं. वहिनींना नमस्कार. छोटूची दहावी या वर्षी ना? गणिताला फार दामटू नकोस. घराचा ताबा मिळाला असेल अशी आशा आहे. काकांचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे मला मागेच कळलं होतं, तेव्हासुद्धा फोन केला नाही.

आता घोर आहे तो हळदीकुंकवाचा. आईने रथसप्तमीला बायका बोलवायचं ठरवलंय, चाळीस-पन्नास, पूर्वीसारख्या. आणि पूर्वीसारखं ताईने गायचं. आज सकाळी चहा घेताना पुन्हा निघालं, कारण आज १२ जानेवारी, कुमारजींची, कुमार गंधर्वांची पुण्यतिथी. आई म्हणाली, "कुमारजींचं फुफ्फुस गेलं होतं, डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं, तरी गायलेच ना पुन्हा? हिला काय झालंय?" ताई समोर बसून पोहे खात होती. जीरावन मसाल्याची डबी जवळ घेऊन.

मला आईचा राग आला आणि दयाही आली. तिला वाटतं, मुलगी गायली की मधली पाच वर्षं पुसली जातील. पण बाबा आपल्याला स्कूटरवर देवासला न्यायचे, टेकडी दाखवून हेच सांगायचे ना, की १९४८ मध्ये ते इथे आले आणि वर्षानुवर्षं नुसते पडून होते. खिडकीतून माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर यायची, ती ऐकत होते. बाबा हे सांगताना 'ऐकत होते' वर थांबायचे. गाणं पुढे, किती पुढे! आईला मी एवढंच म्हणालो की या वर्षी हळदीकुंकू नको. ती रडली. म्हणाली, लोक काय म्हणतील, आधीच बोलतायत. ताई उठून वर गेली.

आणि आता मला वाटतंय, मी पुन्हा तेच तर करत नाही ना? तेव्हा तिला न विचारता 'सांभाळून घे' म्हणालो, आता तिला न विचारता 'नको' म्हणालो. कदाचित तिला गायचं असेल. कदाचित मोटर लावून, एकटीने, न्हाणीघरात. आपल्या घरी मोटर गच्चीवर आहे, आवाज फार येत नाही. हे मी खरंच तपासून आलो.

परवा मी तिला सराफ्यात नेलं. रात्री अकराला, स्कार्फ गुंडाळून. आपण होऊन तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. फ्रेडला टाको खायचे असतात, ताईला गराडू. दोन दोने खाल्ले. येताना काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पान बघायला नको होतं, पण बघितलं. 'गराडू. मोजले नाहीत.' एवढंच लिहिलं होतं. मी जिन्यातच बसलो. आज बघितलं तर पुन्हा 'पोहे १ बशी'.

तुझा तबला-डग्गा अजून इथेच आहे, कपाटावर, खोळीत. तू यावंस असं मला वाटतं. रथसप्तमीला नको, नंतर कधीही. गायला सांगू नकोस, तबला खाली काढू नकोस. पोहे खा, नुमफारसारखा नाच, काहीही कर. 'कशी आहेस' तेवढं विचारू नकोस. ते सगळे विचारतात.

एक मात्र लगेच कळव. बाविसावा भाग मी अर्ध्यावर बंद केला आहे. ताई रोज विचारते, पुढे काय होतं, ती मुलगी सुटते ना? सुटते, असं मी सांगितलंय. पण ते सगळे हसत-खिदळत हॉटेलात परततात आणि समोर बफीची मैत्रीण विलो बसलेली असते, चेहरा उतरलेला, आणि एंजलला न सांगताच कळतं की बफी, त्याची जुनी प्रेयसी, गेली, ती शेवटची दोन मिनिटं. तेव्हा तू गच्चीवर जाऊन रडला होतास. आणि ताईला बाबांच्या दिवसांना दोनच रात्री राहू दिलं होतं. इथे ती अजून बाबांच्या खुर्चीकडे बघत नाही. ती दोन मिनिटं तिला दाखवू का?

तुझा,
पम्या