इराकी नव्हे, इराणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतल्या जुन्या फ्रीस्टाइल कुस्त्यांवरचा लेख वाचला. दारासिंग, किंगकाँग, वरळीचं वल्लभभाई पटेल स्टेडियम, सगळं आलंय. आठ वर्षांचा असताना मी वडिलांच्या खांद्यावर बसून तिथं किंगकाँगला शिव्या घातल्यात. (वडील मिलमध्ये सायझिंग खात्यात होते. घरी शिवी तोंडातून गेली तर कमरेचा पट्टा निघायचा, त्या रात्री मात्र सूट होती.) लेख आवडलाच. तक्रार आहे ती शेवटच्या चौकटीबद्दल. टक्कल, पिळदार मिशा, टोकं वर वळलेले बूट असा अमेरिकेतल्या शो-कुस्तीतल्या आयर्न शेखचा फोटो आणि खाली ओळ, ‘इराकी खलनायक’. वर लेखकाने त्याला कुस्तीचा गंध नसलेला सोंगाड्या ठरवून दोन वाक्यांत चितपट केलंय.

मी चाळीस वर्षं लालबाग-करी रोड भागात पोरांना कुस्ती शिकवली, म्हणून लिहितो. हा माणूस इराणचा. नाव हुसेन खोसरो अली वझिरी, जन्म 1942, गाव दामगान. आपल्याला जसे खाशाबा जाधव, तसा इराण्यांना गुलामरझा तख्ती. दोघांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्येच पदकं घेतली, खाशाबांनी कांस्य आणि तख्तीने रौप्य. 1956 ला मेलबर्नमध्ये तख्तीला सुवर्ण मिळालं. जानेवारी 1968 मध्ये तो तेहरानच्या एका हॉटेलात मेलेला सापडला. सरकारने आत्महत्या म्हटलं, लोकांनी ते काही मानलं नाही. तख्तीला दैवत मानणारा वझिरी त्यानंतर अमेरिकेला गेला आणि 1971 मध्ये त्याने तिथली ग्रीको-रोमनची (कमरेखाली पकड चालत नाही, ती कुस्ती) राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ती काही कोणी लिहून दिलेली कुस्ती नव्हती. पुढच्या वर्षी म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी तो अमेरिकेच्या संघाबरोबर सहायक प्रशिक्षक होता. सोंगाडी कामं त्यानंतरची.

मला हे फार नंतर कळलं. पण माणूस पैलवान आहे हे पहिल्यांदा बघितलं तेव्हाच ओळखलं होतं. 1985-86 असेल, आमच्या चाळीत आखातातून आलेल्या एकाने व्हीसीआर आणला होता आणि भाड्याच्या कॅसेटी लागायच्या. त्यात हा शेख रिंगमध्ये दोन लाकडी मुद्गल घेऊन उभा राहिला आणि फिरवायला लागला. खोलीत पंचवीस माणसं हसत होती. मी हसलो नाही. मुद्गल खांद्यामागून कसं उतरतं, मनगट कुठं सैल सोडायचं, हे हौदाजवळ वर्षं घालवल्याशिवाय येत नाही. इराणी त्याला मील म्हणतात. त्यांच्या तालमीचं नाव जोरखाना, आपण मारतो ते जोर. त्यांचा पहलवान तो आपला पैलवान. शेजारच्या आळीतलाच गडी म्हणायचा!

अमेरिकेला तो नकोसा का होता, तर तेहरानच्या वकिलातीतले त्यांचे लोक 444 दिवस ओलीस होते, 1979 ते 1981. हा स्वतः म्हणे इराणच्या शहाच्या घराण्याचा अंगरक्षक होता, म्हणजे क्रांतीने ज्याला हाकललं त्याच्या बाजूचा. रिंगमध्ये मात्र ‘इराण नंबर वन’ ओरडून अमेरिकेच्या नावाने थुंकायचं, ही नोकरी.

आता नुराकुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून केलेली. हा शब्द तुम्ही राजकारणाच्या पानावर शिवीसारखा वापरता. खुशाल वापरा. पण नुराकुस्तीतही काम वाटलेलं असतं. 1983 मध्ये शेख ज्या कुस्ती-कंपनीत होता (डब्ल्यूडब्ल्यूएफ, आजची डब्ल्यूडब्ल्यूई), तिचा अजिंक्यपदाचा पट्टा बॉब बॅकलंडकडे होता आणि मालकांना तो हल्क होगनला द्यायचा होता. दोघेही लोकांचे लाडके. सज्जनाने सज्जनाला हरवलं तर पब्लिक कुणाच्या नावाने ओरडणार? मधे एक पापी लागतो. बॅकलंड मुद्गल फिरवत असताना शेखने मागून हल्ला केला आणि मान दुखावल्याचं निमित्त झालं. मग 26 डिसेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेख त्याच्या पाठीवर बसला, हनुवटीखाली हात घालून मान मागे ओढली, म्हणजे तो कॅमल क्लच. बॅकलंडच्या बाजूने टॉवेल पडला, म्हणजे हार मानली. 23 जानेवारी 1984 ला तिथंच होगनने शेखला पाडलं आणि होगनचं युग सुरू झालं. अठ्ठावीस दिवसांचा राजा!

होगनच्या आधीच्या मालकाने होगनचा पाय मोडण्यासाठी एक लाख डॉलर देऊ केले होते, असं शेख शेवटपर्यंत सांगत राहिला. खरंखोटं तो जाणे. पण मनात आणलं असतं तर त्या रात्री पाय मोडण्याइतकं कसब त्या रिंगमध्ये शेखकडेच होतं. समोरच्याला जपून पाडणं आणि आपण पडताना लोकांना ते पटवणं, हे मी माझ्या पोरांना शिकवू शकलो नाही. मला स्वतःलाच येत नाही.

1987 मध्ये हा आणि रिंगमधला त्याचा वैरी, अमेरिकेचा झेंडा मिरवणारा जिम डग्गन न्यू जर्सीत एकाच गाडीत, नशेच्या मालासकट, पोलिसांना सापडले. दोघांची नोकरी गेली. लोकांना धक्का नशेपेक्षा एकत्र असण्याचा बसला. आमच्या कोकणात दशावतार बघितलेल्या माणसाला त्यात काही वाटणार नाही. तिथं संकासुर आणि विष्णू एकाच पेटाऱ्याशेजारी बसून विडी ओढतात.

तुमच्या ‘इराकी’चा उगम 1991 चा असावा. आखाती युद्ध झालं आणि कंपनीने त्याला ‘कर्नल मुस्तफा’ म्हणून इराकी फौजी गणवेशात उभं केलं. इराण-इराक युद्ध संपून तीनच वर्षं झाली होती. आठ वर्षं त्याच्या गावच्या पोरांनी ज्या गणवेशावर गोळ्या झाडल्या, तो घालून त्याने मार खाल्ला. तेव्हा चूक मुळात तुमची नाही, पण फोटो मुस्तफाचा नाही, शेखचा आहे. तो 7 जून 2023 ला वारला. स्वतः कळवू शकत नाही.

दुरुस्ती छापलीत तर कात्रण काढून तालमीत लावीन. टॉवर झाल्यापासून आमची तालीम तळघरात आहे, माती जाऊन मॅट आली, पण दारासिंगांच्या फोटोशेजारी एक खिळा मोकळा आहे.

आपला,
एक निवृत्त वस्ताद, करी रोड, मुंबई