तैलरंग शिकणाऱ्यांनी पक्ष्यांची छोटी चित्रं रंगवावीत

मा. संपादक,
स.न.

आपल्या पेपरात चित्रकलेबद्दल जे येतं ते बहुतेक प्रदर्शनांबद्दल आणि पूर्ण झालेल्या चित्रांबद्दल असतं, ते मी आवडीने वाचते, पण घरच्या घरी ऑइल कलर शिकणाऱ्यांना सरावाबद्दल काहीच वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. रंगांची समज आणि ब्रशवरचा हात दोन्ही सुधारायचं असेल तर मोठा कॅनव्हास थोडे दिवस बाजूला ठेवा आणि पक्ष्यांच्या छोट्या स्टडीज, म्हणजे सरावाची चित्रं, करा, पोस्टकार्डाएवढ्या किंवा फार तर सहा बाय आठ इंचाच्या, एका बैठकीत संपतील अशा.

पक्षीच का? कारण पक्ष्याच्या अंगावर आपल्याला पाठ असलेला रंग चालतच नाही. कावळा घ्या. ट्यूबमधला काळा जसाच्या तसा लावला तर कात्रीने कापून चिकटवल्यासारखा सपाट दिसतो, नीट बघितलं तर पाठीवर उजेड पडतो तिथे निळसर जांभळट चमक असते, गावकावळ्याची मान राखाडी असते, आणि सावलीतला काळा बऱ्याचदा तपकिरीकडे झुकलेला दिसतो. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मिसळून काळा करून बघा, निळा वाढवला की थंड, अंबर वाढवला की उबदार, एकाच पक्ष्यात दोन्ही लागतात. बगळा याच्या उलट. तिथे निव्वळ टायटॅनियम व्हाइट फक्त सगळ्यात उजळ जागी, बाकी सगळा पांढरा म्हणजे निळसर करडा, पिवळसर करडा, आणि पोटाखाली गवतावरून उसळलेला हलका हिरवा. करडे रंग शिकायला बगळ्याइतका चांगला विषय मला तरी माहीत नाही.

छोट्या खंड्याचं तर अजून वेगळं. त्याच्या पाठीच्या निळ्यात निळं रंगद्रव्यच नसतं, पिसांच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश परत फेकला जातो आणि म्हणून तो पेटल्यासारखा दिसतो. ट्यूबमधला कितीही महाग निळा लावा, तेवढ्याने ते तेज येत नाही. ते आणायचं तर आजूबाजूचा रंग मुद्दाम मळका ठेवायचा, पोटाचा नारिंगी शेजारी नीट बसवायचा, आणि निळा एकदाच जाड लावून सोडून द्यायचा, परत परत घासायचा नाही. पोपटाचा हिरवाही असाच तयार होतो, पिसातलं पिवळं रंगद्रव्य आणि रचनेतून येणारा निळा मिळून. हे कळल्यावर रेडीमेड हिरवी ट्यूब वापरायची इच्छाच राहत नाही.

आता ब्रश. हल्ली व्हिडिओंमध्ये शून्य नंबरच्या ब्रशने एकेक पीस, पिसाचा एकेक धागा काढतात, त्यातली मेहनत मान्य आहे, पण शिकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. छोट्या बोर्डवर उलट मोठा ब्रश घ्यावा, फ्लॅट म्हणजे चपटा, किंवा फिल्बर्ट म्हणजे चपटाच पण गोलसर टोकाचा. डोळे बारीक करून बघितलं की पक्ष्याचे चार-पाचच भाग उरतात, डोकं, पाठ, पोट, मिटलेला पंख, शेपटी. आधी गडद भाग पातळ रंगात, मग मधले टोन, उजेडाचा जाड रंग शेवटी. पिसं ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने स्ट्रोक गेला की पिसं न काढताच पिसं दिसायला लागतात. पोटाची कड ओल्या रंगातच मागच्या रंगात ओढून मऊ करायची, चोच आणि उड्डाणपिसांची टोकं मात्र धारदार ठेवायची, सगळ्या कडा सारख्या ठेवल्या की पक्षी पुठ्ठ्याचा वाटतो. डोळा म्हणजे एक गडद ठिपका आणि त्यावर उजेडाचा एक टच, पण चोचीपासूनचं अंतर चुकलं की पक्षीच बदलतो, तेव्हा घाई नको.

कारेल फाब्रित्सियस या डच चित्रकाराचं 1654 मधलं गोल्डफिंच पक्ष्याचं चित्र हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे, ते नेटवर मोठं करून जरूर बघा. आकार जेमतेम 33.5 बाय 22.8 सेंमी. जवळून नुसते सुटे मोकळे फटकारे, लांबून जिवंत पक्षी, आणि पंखावरच्या पिवळ्यापाशी त्याने ओल्या रंगात ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडलंय. एवढ्याशा चित्रातून ब्रश कसा चालवायचा ते जेवढं दिसतं तेवढं एखाद्या जाडजूड पुस्तकातूनही कळणार नाही.

एक मात्र सांगते, फक्त फोटोवरून करू नका. फोटोत काळे भाग बुजून जातात आणि पांढरे जळून जातात, म्हणजे कावळा आणि बगळा दोघांचेही रंग गेले. बसण्याची ढब फोटोवरून घ्या हवं तर, रंग मात्र खऱ्या पक्ष्याकडे बघून वहीत टिपून ठेवा, पाठीपेक्षा पोट किती गडद, पाय थंड की उबदार, एवढं लिहिलं तरी चालतं.

तर संपादक साहेब विनंती अशी की पुरवणीत कधीतरी चित्रकारांच्या सरावाच्या अशा छोट्या, अर्धवट स्टडीजही छापा, सोबत त्यांनी कुठले रंग मिसळले ते त्यांच्याच शब्दांत येऊ द्या. शिकणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होईल.

आपली,
एक वाचक

ता. क. जागा असेल तर हेही छापा: लिनसीड ऑइलने (ऑइल कलरमधल्या जवसाच्या तेलाने) भिजलेल्या चिंध्या चुरगळून ढीग करून ठेवू नका. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतं, त्यात उष्णता तयार होते आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. चिंध्या पसरून वाळवा, नाहीतर पाणी घालून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.